विचार कोणाचा आणि पुरावा कोणाचा?
(पदव्युत्तर वर्गातील सामाजिक-राजकीय विचारांच्या अध्ययनाची चिकित्सा)

वसाहतवादी राजवटीखाली दीर्घकाळ राहिलेल्या देशांना राजकीय स्वातंत्र्य मिळाले, ध्वज बदलले, विद्यापीठांच्या प्रमुखपदी देशी विद्वान बसले. परंतु त्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर वर्गात समाज आणि राज्य यांविषयीचा विचार कोणत्या दृष्टीने शिकविला जावा, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही शिल्लकच राहिला. सामान्यतः या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांच्या यादीच्या भाषेत दिले जाते. प्लेटो, हॉब्ज, लॉक यांची प्रकरणे कमी करावीत आणि आपल्या विचारवंतांची वाढवावीत, म्हणजे अभ्यासक्रम स्वदेशी झाला, असे मानण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखात आम्हाला असे दाखवावयाचे आहे की, यादी बदलणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. खरा प्रश्न ज्ञानक्षेत्रातील श्रमविभागणीचा आहे. सिद्धान्त कोणी मांडावयाचा आणि त्या सिद्धान्तासाठी पुरावा कोणी गोळा करावयाचा, हाच तो प्रश्न होय.

हा प्रश्न आम्हाला केवळ ग्रंथांतून भेटला नाही. आमच्या अभ्यासवर्गाला नियमित येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एम. ए. च्या प्रबंधिकेसाठी विनयपिटकातील संघकर्माची पद्धती हा विषय निवडला होता. संघापुढे ठराव कसा मांडला जाई, मतभेद झाल्यास शलाका वाटून मत कसे घेतले जाई, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पद्धतीचा दाखला लोकशाहीच्या संदर्भात का दिला, याचा तिला शोध घ्यावयाचा होता. तिला सल्ला मिळाला तो असा : हा विषय पालीच्या लोकांचा आहे, शिवाय तो फार तात्त्विक आहे, त्यापेक्षा आपल्याच वस्तीचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण करावे, ते लवकर होईल. सल्ला देणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. पण वस्तीतून आलेल्या विद्यार्थिनीने वस्तीची माहिती आणावी आणि लोकशाही म्हणजे काय याचा विचार दुसऱ्या कोणी करावा, हे त्यात गृहीत धरलेले होते. या गृहीतकाचीच चिकित्सा आम्हाला येथे करावयाची आहे.

आफ्रिकेतील तीन प्रसंग

हे गृहीतक केवळ आपल्याच देशात आढळते असे नाही. आफ्रिकेतील विद्यापीठांत यावर फार स्पष्टपणे वाद झाले आहेत आणि त्यांतील तीन प्रसंग आपल्या अभ्यासकांनी जाणून घेण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग नैरोबीचा. ऑक्टोबर १९६८ मध्ये गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या तीन अध्यापकांनी इंग्रजी विभागच रद्द करावा अशी मागणी करणारे टिपण विद्यापीठापुढे ठेवले. इंग्रजी साहित्य वाचूच नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आफ्रिकेला, तिच्या मौखिक परंपरेसह, मध्यभागी ठेवावे आणि इतर साहित्याकडे तेथून पाहावे, असे ते म्हणत होते. त्यांचा प्रश्न केवळ कोणती पुस्तके वाचावीत एवढा नव्हता. कोठे उभे राहून वाचावे, हा होता.

दुसरा प्रसंग केपटाऊनचा. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर, १९९६ मध्ये युगांडाचे महमूद ममदानी केपटाऊन विद्यापीठात आफ्रिकाविषयक अध्ययनाच्या अध्यासनावर आले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आफ्रिकेवरील पायाभूत अभ्यासक्रम त्यांनी आखला. त्यावरून १९९७-९८ मध्ये मोठा वाद होऊन त्या जागी दुसरा अभ्यासक्रम आणण्यात आला. ममदानींचा आक्षेप मार्मिक होता. नव्या अभ्यासक्रमात आफ्रिका होती. पण आफ्रिकी विद्वानांचे आपापसांतील वाद नव्हते. म्हणजे आफ्रिका हा विचाराचा विषय होता, विचार करणारी नव्हती. यादीत स्थान मिळूनही दुय्यमत्व कसे टिकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

तिसरा प्रसंग युगांडातील मकेरेरे विद्यापीठाचा. तेथील सामाजिक संशोधन संस्थेचे संचालकपद ममदानींनी २०१० मध्ये स्वीकारले, तेव्हा बाहेरच्या संस्थांनी ठरवून दिलेल्या प्रश्नांची उत्तरे माहिती गोळा करून पुरविणे हेच संशोधनाचे प्रचलित रूप बनले असल्याची टीका त्यांनी केली. प्रश्न ठरविणारे एकीकडे आणि प्रश्नावल्या भरून आणणारे दुसरीकडे. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये तेथे पीएच. डी. चा असा कार्यक्रम सुरू झाला की, ज्यात विद्यार्थ्याने प्रथम वर्गात बसून इतिहास, राजकीय अध्ययन, राजकीय अर्थशास्त्र आणि सांस्कृतिक अध्ययन यांतील मूलभूत ग्रंथांचे व वादांचे वाचन करावयाचे आणि त्यानंतरच संशोधनाकडे वळावयाचे. प्रश्न विचारण्याचे शिक्षण देणे, हेच येथे पदव्युत्तर शिक्षणाचे प्रयोजन मानलेले दिसते.

या तीन प्रसंगांतून तीन पायऱ्या दिसतात. नैरोबीने वाचनाची जागा बदलली. त्या जागी कोणाचे वाद ऐकू येतात, हे केपटाऊनने विचारले. मकेरेरेने वाद घालण्यास विद्यार्थी कसा तयार होतो, ही बाब हाती घेतली. आपल्याकडील पदव्युत्तर अध्ययन बव्हंशी पहिल्या पायरीवरच घुटमळत आहे, असे आमचे मत आहे.

प्रा. गोपाळ गुरू यांची मांडणी

भारतातील परिस्थितीचे सर्वांत तीक्ष्ण निदान प्रा. गोपाळ गुरू यांनी केले आहे. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या डिसेंबर २००२ मधील लेखात त्यांनी भारतातील सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत, असा प्रश्न उपस्थित केला. या शास्त्रांत सिद्धान्ताचे ब्राह्मण आणि अनुभवजन्य माहितीचे शूद्र अशी विभागणी झाली आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वसाहतवादाने जी विभागणी युरोप आणि वसाहती यांच्यात केली, तीच देशांतर्गत जातींच्या पातळीवर पुन्हा उभी राहिली, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. त्याचबरोबर गुरूंनी दलित अभ्यासकांनाही प्रश्न विचारला आहे. कविता आणि आत्मकथन यांचे सामर्थ्य मान्य करूनही ती सिद्धान्ताची जागा घेऊ शकत नाहीत. सिद्धान्त मांडणे ही दलितांची सामाजिक निकड आहे, असे ते बजावतात. आपल्याच समाजाला असे परखड शब्द ऐकविणे सोपे नव्हते.

या लेखावर सुंदर सरुक्काई यांनी २००७ मध्ये उत्तर दिले आणि पुढे दोघांचा संवाद २०१२ मध्ये ‘द क्रॅक्ड मिरर’ या ग्रंथरूपाने आला. वादाचा गाभा असा : ज्याने अनुभव भोगला नाही, त्याला त्या अनुभवाचा सिद्धान्त मांडण्याचा अधिकार आहे काय? गुरूंचा कल या अधिकाराविषयी कठोर नैतिक अट घालण्याकडे आहे. सरुक्काई अनुभव आणि सिद्धान्त यांतील नात्याची तात्त्विक उकल करतात.

आम्ही गुरूंचे निदान पूर्णतः मान्य करतो. उपायाविषयी मात्र आमचा एक आक्षेप आहे. अनुभव हाच अधिकाराचा आधार मानला, तर व्यवस्था त्याचाही उपयोग करून घेते. ती दलित विद्यार्थ्याला म्हणते, ‘तुझा अनुभव तुझाच, तो तू सांग;’ आणि तो सांगू लागला की, ती त्याला पुन्हा पुरावा पुरविणाऱ्याच्या जागी बसविते. वस्तीचे सर्वेक्षण करावयास सांगणारा सल्ला वरवर पाहता अनुभवाचा सन्मानच करीत होता, हे विसरता येत नाही. अनुभवातून प्रश्न मिळतो, आणि तो प्रश्न दुसऱ्याला मिळणे अवघड असते, एवढे निश्चित. पण त्या प्रश्नाचे उत्तर तर्क आणि पुरावा यांच्या कसोटीवरच उभे राहावे लागते. हे आम्ही एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्याच निबंधावरून दाखवू इच्छितो.

९ मे १९१६ चा निबंध

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी ९ मे १९१६ रोजी भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. या निबंधाचा गौरव आपल्याकडे पुष्कळ झाला; त्याचे वाचन तितके झाले नाही.

निबंधाच्या आरंभी एक प्रतिमा आहे. पाँपेईचे अवशेष पाहावयास आलेल्यांना भाडोत्री वाटाड्या माहिती सांगतो. मानववंशशास्त्राचा विद्यार्थी एका अर्थी तसाच, असे बाबासाहेब म्हणतात. पण लगेच ते या वाटाड्याला वेगळे काम देतात. त्याने सामाजिक संस्था केवळ दाखवावयाच्या नाहीत, तर त्यांचे मूळ आणि कार्य शोधावयाचे आहे. हिंदुस्थानातून आलेल्या विद्यार्थ्याकडून त्या वर्गाची अपेक्षा कदाचित वाटाड्याचीच असेल. त्याने ती भूमिका स्वीकारल्यासारखे करून आतून बदलून टाकली.

यानंतर सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या तपासल्या जातात. यांत एक फ्रेंच पंडित, दोन ब्रिटिश अधिकारी आणि एक मराठी विद्वान आहेत. रिस्ले हे तर १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. वसाहतीच्या राज्ययंत्रणेचे ज्ञान त्यांच्या नावाने उभे होते. बाबासाहेबांनी कोणालाही तो परका म्हणून नाकारले नाही किंवा आपला म्हणून स्वीकारले नाही. श्री. व्यं. केतकरांनी जातीकडे एकाकी वस्तू म्हणून न पाहता व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिले, याचे श्रेय ते देतात; परंतु आंतरजातीय विवाहाचा निषेध आणि जन्माने सभासदत्व ही केतकरांनी वेगळी मानलेली लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही दाखवून देतात. अशा रीतीने अनेक लक्षणांतून एकच उरते : सजातीय विवाह. बहिर्विवाहाची परंपरा असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला, तेथे जात निर्माण झाली.

येथून निबंध खऱ्या अर्थाने सिद्धान्त बनतो. गट बंदिस्त ठेवावयाचा तर त्यातील स्त्री-पुरुषांची संख्या सम राहिली पाहिजे. पती मेला तर स्त्री ‘अतिरिक्त’ होते, पत्नी मेली तर पुरुष. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा या हिशेबाची उत्तरे आहेत, असे प्रतिपादन तो विद्यार्थी करतो. ज्या प्रथांकडे सुधारक स्वतंत्र दुष्ट चाली म्हणून पाहत होते, त्या जातीच्या यंत्रणेचे सुटे भाग ठरल्या. जातीचा प्रश्न स्त्रीच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, हे येथे तर्काने सिद्ध केले आहे. आणि हे सर्व करताना लेखक स्वतःवर ओढवलेले अपमान पुराव्यादाखल पुढे करीत नाही. अनुभवाने त्याला प्रश्न दिला असेल. उत्तराचा भार त्याने तर्कावर टाकला.

निबंधात उणिवा नाहीत असे नव्हे. जातींचा प्रसार समजावण्यासाठी त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द याच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला : वरच्या वर्गाने स्वतःस बंदिस्त केले आणि खालच्यांनी त्याचे अनुकरण केले. यात सक्ती आणि बहिष्कार यांचा वाटा फिका पडतो. अस्पृश्यतेची स्वतंत्र मीमांसाही येथे नाही. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात शास्त्रप्रामाण्य आणि दंडशक्ती यांचा विचार कितीतरी अधिक प्रखर झाला आहे. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या १९४४ च्या प्रस्तावनेत, हे दोन्ही लेखन एकत्र करून नव्याने लिहिण्याचा आपला मानस होता, पण वेळ मिळाला नाही, असे त्यांनी नमूद केले. स्वतःच्या सिद्धान्ताला अपूर्ण मानणारा हा विचारवंत आहे. त्याच्या उणिवा दाखविणे हा त्याचा अधिक्षेप नव्हे. त्याला सिद्धान्तकार मानल्याची ती खूण होय.

आता आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांकडे वळून पाहावे. अनेक ठिकाणी बाबासाहेब ‘भारतीय राजकीय विचारवंत’ या अभ्यासपत्रिकेत शेवटच्या घटकांत येतात आणि ‘अस्पृश्योद्धार’, ‘राज्यघटना’, ‘राखीव जागा’ अशा मथळ्यांखाली संपतात. विवाह आणि नातेसंबंध यांचा सिद्धान्त शिकविताना, लिंगभावाचा सिद्धान्त शिकविताना १९१६ चा निबंध क्वचितच पुढे येतो. याला सन्मान्य अपवाद आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात प्रा. शर्मिला रेगे यांनी फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनपद्धती उभी केली आणि २०१३ मध्ये बाबासाहेबांचे स्त्रीप्रश्नविषयक लेखन ब्राह्मणी पितृसत्तेच्या मीमांसेच्या रूपाने संपादून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या वर्गात हे लेखन जयंतीच्या भाषणासाठी नव्हे, तर सिद्धान्त म्हणून वाचले गेले.

अग्गञ्ञसुत्ताचे दोन विभागांत झालेले तुकडे

जे आधुनिक विचारवंताचे झाले, तेच प्राचीन ग्रंथांचेही झाले आहे. दीघनिकायातील सत्ताविसावे सुत्त, अग्गञ्ञसुत्त, हे त्याचे ठळक उदाहरण. पाली विभागात ते व्याकरण, शब्दसिद्धी आणि भाषांतर यांसाठी वाचले जाते. राज्यशास्त्राच्या केंद्रीय पात्रता परीक्षेच्या अभ्यासक्रमातही अलीकडे त्याचे नाव आले आहे, ही आनंदाची बाब होय. परंतु तेथे ते बहुधा ‘सामाजिक कराराच्या सिद्धान्ताचा प्राचीन भारतीय आविष्कार’ या एका वाक्यात आटोपते. कौटिल्य हा ‘भारताचा मॅकियाव्हेली’, तसे अग्गञ्ञसुत्त हे ‘आमचे लॉक’. अशा तुलनेत मापदंड पाश्चात्त्यच राहतो. आपण फक्त आपली वस्तू त्याच्या शेजारी नेऊन ठेवतो.

सुत्त स्वतः काय करते? श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मणकुळात जन्मलेले दोन तरुण तथागतांपाशी येतात. कुळ सोडून श्रमणांत आल्याबद्दल त्यांचे जातभाई त्यांची निंदा करीत आहेत. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, असा त्यांचा दावा आहे. तथागत उत्तर देतात की, ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भवती होतात, प्रसूत होतात आणि मुलांना स्तनपान देतात, हे सर्वांना दिसते. त्यानंतर जगाच्या घडणीची कथा येते. कोणी आळसाने दोन वेळचे तांदूळ एकदम आणतो, दुसरा चार वेळचे. साठा होतो, शेतांना बांध पडतात, चोरी होते, दंड येतो आणि मग लोक आपल्यातीलच एका योग्य पुरुषाला निवडून तांदळाचा वाटा देतात. तो महासम्मत. क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र हे सर्व त्याच प्राण्यांतून निघाले, वेगळ्यांतून नव्हे, हे प्रत्येक टप्प्यावर पुन्हा सांगितले जाते. वेदपाठकाला लागणाऱ्या ‘अज्झायक’ या शब्दाची ‘जे ध्यान करीत नाहीत ते’ अशी फोड करून त्याची थट्टाही केली आहे. या सुत्तातील उपहासाकडे रिचर्ड गोम्ब्रिच यांनी १९९२ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले होते.

आता याच्या शेजारी कौटिलीय अर्थशास्त्र ठेवावे. त्याच्या पहिल्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायातही लोकांनी राजा निवडल्याची कथा आहे. मात्स्यन्यायाने त्रस्त प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा भाग देऊ केला, असे तेथे म्हटले आहे. पण ही कथा सांगतात कोण? राजाचे गुप्तहेर. गर्दीच्या ठिकाणी आपापसांत खोटा वाद घालून त्यांनी ती लोकांच्या कानी घालावयाची, म्हणजे प्रजा करभाराबद्दल कुरकुर करणार नाही. एकच कथा, एका ठिकाणी ती सत्तेच्या रक्षणासाठी योजली आहे, दुसऱ्या ठिकाणी जन्मश्रेष्ठत्वाच्या दाव्याचा पाया काढून घेण्यासाठी. ‘आमच्याकडेही सामाजिक करार होता’ या वाक्याने हा भेद पुसला जातो. सुत्ताचे शब्द ज्याला कळतात त्या पालीच्या विद्यार्थ्याला त्यातील वाद शिकविला जात नाही, आणि ज्याला वाद शिकविला जातो त्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला शब्द कळत नाहीत. प्राच्यविद्या एकीकडे आणि ‘आधुनिक’ शास्त्रे दुसरीकडे ही विभागणी वसाहतकाळातील विद्यापीठांतून आपल्याकडे आली. ती आपण अजून जपत आहोत.

आत्मपरीक्षण

ही टीका केवळ विद्यापीठांवर करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विहारांशी जोडलेल्या आमच्यासारख्या संस्थांनीही या श्रमविभागणीला हातभार लावला आहे. आम्ही बाबासाहेबांचे ग्रंथ प्रतिमेच्या बाजूला ठेवले, त्यांवर स्मरणिका काढल्या. परंतु त्यांतील एखादा युक्तिवाद कोठे दुबळा आहे असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहिले. श्रद्धेच्या भरात आम्ही त्यांना वंदनीय केले आणि न कळत वादाच्या बाहेर ठेवले. विद्यापीठांनी त्यांना एका समाजाचा नेता ठरवून सिद्धान्ताबाहेर ठेवले, आम्ही पूज्य ठरवून ठेवले. परिणाम एकच झाला. कालामांना परंपरा किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावरच काही स्वीकारू नका, असे सांगणाऱ्या तथागतांच्या अनुयायांना हे शोभणारे नाही.

आमच्या सूचना मोठ्या नाहीत. पदव्युत्तर वर्गात विचारवंतांच्या नावांऐवजी वाद शिकविले जावेत : वासेट्ठांच्या जातभाईंशी तथागतांचा, रिस्लेंशी बाबासाहेबांचा, गुरूंशी सरुक्काईंचा. राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि पाली या विभागांनी निदान एक अभ्यासपत्रिका एकत्र शिकवावी. आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ मार्गदर्शिकांच्या सारांशातून नव्हे, तर चांगल्या टीपांसह मराठीत वाचावयास मिळावेत. यांतील शेवटचे काम आमच्यासारख्या संस्था कोणाच्याही मान्यतेची वाट न पाहता आजच सुरू करू शकतात.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने सर्वेक्षणाचा विषय स्वीकारला, प्रबंधिका पूर्ण केली आणि तिला उत्तम गुण मिळाले. संघकर्माविषयीची तिची टिपणे आमच्याकडे आहेत. शलाका वाटणाऱ्या भिक्खूने निकाल धम्मविरुद्ध जात असल्याचे दिसल्यास मतदान अमान्य ठरवावे, या विनयातील तरतुदीपुढे तिने पेन्सिलीने लिहिले आहे : ‘बहुमत आणि न्याय यांत विरोध आला तर?’ लोकशाहीच्या सिद्धान्तातील हा मूलभूत प्रश्न एका पाली ग्रंथावरून एका वस्तीतल्या मुलीला पडला होता. त्यासाठी विद्यापीठात विभाग सापडला नाही. येत्या वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गाचा आरंभ आम्ही याच प्रश्नापासून करीत आहोत. तिने यावे, आणि या विषयाशी मतभेद असलेल्यांनीही अवश्य यावे, अशी आमची विनंती आहे.